शंभरावा शब्द

१२ नोव्हेंबर १९३४, सोमवार
सकाळी मांडवीला उतरले. आगबोट बाहेरच उभी राहते, पुढे पडावातून किनाऱ्याला यावे लागते. बाकीच्या बायका पदरात तोंड खुपसून बसल्या होत्या. मला बोट लागली नाही.

रांगणेकर सर स्वतः धक्क्यावर आले होते. कॉलेजातून निवृत्त होऊन ते आता गावीच राहतात. आनंदी, अजून तशीच ताठ आहेस, म्हणाले. मला या नावाने एकेरीत हाक मारणारे आता तेच एक उरले आहेत. १९०८ साली शेवटच्या वर्षात माझे लग्न लावून दिले आणि मानसशास्त्राची ऑनर्सची परीक्षा राहून गेली. येत्या मार्चमध्ये ती देणार. वय सत्तेचाळीस. लोक हसले, हसोत.

घर जांभ्या दगडाचे, ऐसपैस. मला माडीवरची खोली मिळाली, खिडकीतून समुद्र दिसतो. ट्रंक लावून झाली. तळाशी येसूचा हिरवा परकर आहे, तो तसाच राहू दिला. इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली तेव्हा चार वर्षांची होती. आज वीस वर्षांची असती. हे इथे कोणाला सांगितलेले नाही, सांगायचेही नाही. आज फार बरे वाटते आहे.

१३ नोव्हेंबर, मंगळवार
आणखी एक विद्यार्थिनी आहे. सरांनी पत्रात लिहिले नव्हते. मथुरा नाव, मालगुंडच्या शाळामास्तरांची मुलगी, वय वीस. मला पाहताच मावशी म्हणाली. मी कोणाची मावशी नाही, आनंदीबाई म्हणायचे, असे तिला सांगितले. बरं मावशी, म्हणाली.

सरांचे म्हणणे असे की प्रयोगाला दोघी लागतातच. एकीने शंभर शब्दांची यादी वाचायची. दुसरीने प्रत्येक शब्दाला मनात पहिला येईल तो शब्द बोलायचा. किती वेळ लागला ते घड्याळावर पाहून वहीत टिपायचे. जिथे माणूस अडखळतो तिथे त्याने काही दडवलेले असते. यादी ठरलेली, तिच्यात काना-मात्रेचाही फरक करायचा नाही. हे सर्व मला १९०८ पासून पाठ आहे. तिला समजावताना सरांचा आवाज मात्र तेव्हासारखाच मऊ झाला होता.

१५ नोव्हेंबर, गुरुवार
पहिला प्रयोग ओटीवर झाला. माझी सरासरी अडीच सेकंद, मथुरेची सव्वा.

सर तिला म्हणाले, इतकी चपळ उत्तरे मी आयुष्यात एकदाच ऐकली आहेत. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ते एकदा म्हणजे मीच!

मासे घेऊन आलेली भागूबाई पायरीवर बसून ऐकत होती. म्हणाली, आमच्या तोंडाला कोणी घड्याळ लावलं असतं तर आम्ही कधीच पास झालो असतो ओ बाय! मथुरा खळखळून हसली. सरही हसले. मी यादीची घडी घातली.

१९ नोव्हेंबर, सोमवार
आज सरांनी कपाटातून माझी १९०८ची वही काढून दाखवली. मला आनंद व्हावा म्हणून. मी ती मथुरेच्या वहीशेजारी ठेवली.

दिवा, काजळी. पूल, भीती. सुई, आई. शंभरच्या शंभर उत्तरे तीच. लागलेला वेळसुद्धा तोच.

पोरीने चोरून वाचली, असे मी स्पष्ट बोलले. सरांनी जानव्याला बांधलेली किल्ली दाखवली. सव्वीस वर्षांत हे कपाट दुसऱ्या कोणी उघडलेले नाही. मथुरा रडवेली झाली. तिचे म्हणणे, तोंडात शब्द आपोआप येतात, ते आपले आहेत असे वाटतच नाही. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या डोक्यावर त्यांनी कधी ठेवला नव्हता.

आपली उपकरणे आणि वह्या ते एकीलाच देणार आहेत. काम पुढे चालवील तिला. निर्णय डिसेंबरच्या पहिल्या तारखेला.

२१ नोव्हेंबर, बुधवार
आज एक अशिस्त केली. यादी माझ्या हातात होती. मधेच माझा एक शब्द घातला. जो वहीत नाही, या घरात कोणाला ठाऊक नाही. तिथे तरी अडखळेल.

मी म्हणाले, परकर.

ती म्हणाली, येसू. एका सेकंदात.

मग तिनेच विचारले, मावशी, येसू कोण?

२३ नोव्हेंबर, शुक्रवार
आज यादी मथुरेकडे होती. परवापासून तिनेही तो शब्द यादीत धरला आहे. परकर, म्हणाली. माझ्या मनात काही आले नाही. काहीच नाही. अर्धे मिनिट गेले. सरांनी घड्याळ थांबवले आणि मला विश्रांती घ्यायला सांगितले, म्हातारीला सांगावे तसे.

खोलीत येऊन ट्रंक उघडली. तळाशी लहान मुलीचा एक परकर आहे. हिरवा. कोणी ठेवला?

२४ नोव्हेंबर, शनिवार
मागची पाने वाचली. येसू माझी मुलगी. अक्षर माझे आहे, तेव्हा खरे असणार. चेहरा आठवत नाही.

आता कळले. मी शब्द देते, ती उत्तर देते, आणि ते माझ्याकडून जाते. यापुढे तिला एकही शब्द द्यायचा नाही. सोमवारीच परतीची आगबोट पकडायची.

२६ नोव्हेंबर, सोमवार
गेले नाही. मी निघाले तर सगळे तिलाच मिळणार. तिला अडखळवायला एक शब्द पुरे आहे, एकच. आज पाच दिले. माहेरची विहीर. लग्नातली पैठणी. तीन कोणते ते—

पाचही बरोबर. मला वाटते बरोबर. आता पडताळायचे कशाशी?

२८ नोव्हेंबर, बुधवार
मथुरा आता रडत नाही. ताठ बसते. भागूबाईला तिने आज दरडावले, कामाच्या वेळी पायरीवर बसायचे नाही म्हणून. आवाज ओळखीचा वाटला.

माडीवर जाताना जिना कुठल्या अंगाला ते—

भागूबाई हात धरून वर घेऊन आली. बाय, तुम्ही ह्या घरच्या कोण लागता ओ, असे तिने विचारले. पहिल्या दिवसापासून तिने मला पाहिले आहे.

३० नोव्हेंबर
उद्या निर्णय. एक शब्द उरला आहे. तो तिला कसा येईल? तो कोणालाच येणार नाही, तो माझाच आहे. यादीतला शेवटचा खोडून त्या जागी लिहिला. शंभरावा.

१ डिसेंबर
नव्व्याण्णव झाले. शंभरावा मी वाचला— आनंदी.

ती म्हणाली, मी.

घड्याळाचा काटा हललाच नाही.

सर ओटीवरून हाक मारत होते. आनंदी, ये, कपाटाची किल्ली घे. मी उठले. तीही उठली. सरांनी किल्ली तिच्या—

दुपार
समुद्र दिसतो. त्याला— म्हणतात. आता वर लिहिले ते.

या वहीच्या पहिल्या पानावर एक नाव आहे. वाचता येते. कोणाचे ते—

जिन्यावर पावले. ती आली आहे. दाराशी उभी राहून शांतपणे सांगते आहे की मावशी, ती रोजनिशी माझी आहे, इकडे द्या. अक्षर पाहा, म्हणते. मी पाहते आहे. हे अक्षर माझे— मी लिहिते आहे तेव्हा माझेच, पण मी—