अश्विनीनं न लावलेलं कुलूप

कोरेगाव, मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, संध्याकाळ

आजचा खर्च : पूजेची पाच फळं, साठ रुपये. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या बाई, चारशे.

चारशेचं काही नाही. बाई बोलल्या ते मात्र मनात सलतंय. मागच्या गुरुवारी कॉम्प्युटर अडकला, म्हणून सूनबाईनं शिकवलेली तीन बटणं दाबली, तर पाटी आली : हे ॲडमिनिस्ट्रेटरने बंद केले आहे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून नाव तिचंच, अश्विनीचं. मी ह्यांच्यादेखत म्हटलं, "सासूला कुलूप लावतेस व्हय?"

"आई, मी काय न्हाई केलं," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे माहेरी फलटणला गेली. जाताना पाया पडली, बोलली नाही.

आज बाई म्हणाल्या, "काकू, ती पाटी व्हायरसनंच आणली. इंटरनेटवरनं फुकटचं काय उतरवलंत?"

मोठ्या अक्षरातली गुरुवारची पोथी. मीच. वीस रुपये वाचवायला. देवीपुढं ती वाचून उठले आणि लगेच पोरीवर आळ घेतला?

व्हायरस काढला तरी त्यानं लावलेली कुलपं तशीच राहतात म्हणे, एकेक उघडावी लागतात. बाई तासभर तेच करत होत्या. त्या गेल्यावर हे म्हणाले, "आता फलटणचं कुलूप कुणाकडनं उघडून घेणार?"

फोन दोनदा उचलला, ठेवला. जीभ रेटेना. पत्रच टाकते :

अश्विनी, पोथी मी उतरवली होती. तुला उगीच बोलले, चुकले. रागावली असलीस तर तसं लिही, पण उलटटपाली लिही.