एका हाताने घालायचा टोप

सावदा,
मंगळवार, ५ नोव्हेंबर १९५७

प्रिय प्रमिला,

तुझं कार्ड मिळून बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण दोनदा लिहायला बसले आणि दोनदा फाडलं. आज मुद्दाम पाकीट आणवलंय. कार्ड पोस्टमन वाचतो, मग नाना वाचतात, आणि हे आधी तूच वाचावंस असं मला वाटतं. तू शेवटी लिहिलंयस, "वहिनी म्हणून नाही, मैत्रीण म्हणून सांगते, तू तुझ्याकडून काही कमी केलं नाहीस." ती ओळ वाचली की मला घरात कुठे बसावं ते कळत नाही.

आधी घरचं सांगते. आईंच्या डोळ्यांवर पडदा वाढलाय. भाकरी थापतात ती अजून गोल होते, पण चुलीत लाकूड सारताना हात भाजून घेतात, म्हणून आता मी त्यांना चुलीजवळ बसू देत नाही. नाना मळ्यात जातात आणि बांधावर बसून परत येतात. केळी यंदा चांगली आहे, घड वाकलेत, पण कटाई कधी लावायची ते कोणी ठरवत नाही. पूर्वी हे ठरवायचे. आता धाकटा म्हणून चुडामणने विचारलं तर नाना तोंड फिरवतात. तीन महिने झाले, नाना त्याच्याशी एक शब्द बोललेले नाहीत. पाणी हवं असलं तरी समोरच्या चुडामणला न मागता आत मला हाक मारतात.

तुला जानेवारीतला तो पहिला अपघात आठवत असेल. संक्रांतीला तू इथेच होतीस. यांची फटफटी फैजपूरच्या रस्त्यावर घसरली, डोकं मैलाच्या दगडावर आपटलं, आणि लष्करातून आणलेलं हेल्मेट मात्र हँडलला लटकलेलं, त्यावर ओरखडासुद्धा नाही. सगळे म्हणाले, बेफिकीर माणूस. कारण मला ठाऊक होतं. लढाईत इटलीत गाडी उलटून यांचा उजवा खांदा गेला तो गेलाच. हात छातीच्या वर येत नसे. डाव्या हाताने हेल्मेट कसंबसं डोक्यात घातलं तरी हनुवटीखालचा पट्टा एका हाताने बकलात जायचा नाही. घरून निघताना मी लावून द्यायची. पण दिवसभरात दहा मळ्यांवर उतरायचं, स्टेशनात केळी भरायला कुठली वॅगन कधी लागली ते सांगायचं, पुन्हा निघायचं. दर ठिकाणी परक्या माणसापुढे हनुवटी वर करून उभं राहायची त्यांना लाज वाटे. मला एकदा म्हणाले होते, "लहान पोरासारखं टोपडं बांधून घेऊ का मी?" म्हणून पहिल्या मळ्यानंतर ते हँडललाच असायचं.

जळगावच्या डॉक्टरांनी नानांसमोर स्पष्ट सांगितलं की डोक्याला दुसरा मार बसला तर आपल्या हातात काही नाही. आईंनी यांचा हात आपल्या डोक्यावर ठेवून शब्द घेतला, एका हाताने घालता येईल असा टोप तयार होईपर्यंत फटफटीला हात लावायचा नाही. आणि तो टोप करायचं मी अंगावर घेतलं. शाळेत शिवणाच्या तासाला तू माझे टाके उसवून बसायचीस आणि मी तुझे घालून द्यायची, तोच काय तो माझा अनुभव.

प्रमिला, ते सहा महिने कसे गेले ते तुला मी कधी नीट लिहिलंच नाही. पहिले काही दिवस मी ते हेल्मेट मांडीवर घेऊन नुसती बघत बसायची. अडचणी दोन होत्या. वरून खाली दाबून घालायला दोन हात लागतात, आणि पट्ट्याला दोन हात लागतात. मग एक दिवस मळ्यात केळीचा तोडलेला खांब सोलताना दिसलं की त्याच्या सालीचं एक सोपट दुसऱ्याच्या आत कसं सरकून घट्ट बसतं. घरी आले आणि लोहाराकडून हेल्मेट कानापासून कानापर्यंत कापून घेतलं. हे ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "सरकारी माल कापला तू!" मग पुढचा भाग आणि मागचा भाग वर टाळूला कातड्याच्या पट्टीने जोडले, दाराला बिजागरी असते तसे. डाव्या हाताने पुढचा भाग कपाळाला लावायचा, मान जराशी मागे टाकायची, की मागचा भाग आपोआप खाली पडून पुढच्याच्या आत सरकायचा.

सरकायचा म्हणजे, आधी सरकायचा नाही. सुरुवातीला मान हलवली की मागचा भाग उघडून टोपलीच्या झाकणासारखा वर जायचा. हे खाटेवर बसून, खड्ड्यातून गाडी चालल्यासारखं अंग हलवून दाखवायचे, आणि आई पदर तोंडाला लावून हसायच्या. अपघातानंतर आई तेव्हा पहिल्यांदा हसल्या. पट्टा कुठे अडकवावा ते मला कळेना, म्हणून मी स्वतःचा उजवा हात जुन्या लुगड्याच्या पट्टीने कमरेला बांधला आणि टोप घालून बघू लागले. आई दारात येऊन उभ्या. "व माय, हे काय करू राह्यली तू? हात मोडला का तुहा?" मग त्यांना सांगितलं तर त्याच शेजारी बसून बोटांवर मोजू लागल्या, मला किती वेळ लागतो ते.

बकल नकोच, असं शेवटी ठरलं. उजव्या कानामागून पट्टा हनुवटीखालून यावा आणि डावीकडे एका कडीत आकडा अडकावा, नुसता अंगठ्याने दाबून. तसा आकडा इथे कुणी करेना, म्हणून तुला धुळ्याला लिहिलं आणि तू तो टांग्याच्या घोड्यांचा साज करणारा उखर्डू शोधलास. त्याने मी काढून पाठवलेलं टोपाचं चित्र बघून तुला विचारलं होतं ना, "ताई, हाऊ टोप शे का टोपलं?" ते तुझं पत्र यांनी मोठ्याने वाचलं होतं आणि पुढचे चार दिवस त्या टोपाचं नाव टोपलंच पडलं.

आता जे लिहायचं आहे ते इथून पुढे आहे.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण हे घरात असे सहा महिने कधी राहिलेच नव्हते. सकाळी अंधारात फटफटीचा आवाज, आणि परत यायची वेळ नाही. ताट झाकून ठेवायचं, दर गाडीच्या आवाजाला कान द्यायचा, आवाज पुढे गेला की पुन्हा चुलीपाशी यायचं. या सहा महिन्यांत हे माझ्यासमोर बसून गरम भाकरी खायचे. दुपारी मी शिवत असले की कातडं धरून बसायचे, सुईत दोरा ओवून द्यायचा प्रयत्न करायचे आणि डाव्या हाताने तो जायचा नाही म्हणून शिव्या द्यायचे. मला नाव घेऊन हाक मारायचे, नानांना आवडत नसे तरी. मूल नाही म्हणून जे काही आमच्यात साचलं होतं, तेही एकदा बोलून झालं. मला वाटू लागलं, टोप झाला की हे सगळं संपेल. पुन्हा तो आवाज, पुन्हा झाकलेलं ताट, आणि एक दिवस ताट झाकलेलंच राहील.

जुलैच्या सुरुवातीला तुझा आकडा पार्सलने आला. मी तुला लिहिलं की तो आखूड आहे, कडीत बसत नाही, आणि परत पाठवला. प्रमिला, तो आखूड नव्हता. मी दार लावून, उजवा हात बांधून टोप घातला. तव्यावरची भाकरी उलटायला लागतो तेवढा वेळसुद्धा लागला नाही. मान जोरात हलवली, खाली वाकले, उड्या मारल्या. जागचा हलला नाही. आकडा काढून तुला परत पाठवताना मला काही वाटलं नाही, उलट आणखी महिनाभर मिळाला असं वाटलं. तू उखर्डूशी भांडलीस. तो म्हणाला, "आकडा बराबर शे, मापनारा चुकना व्हई." तू त्याला घालूनपाडून बोललीस, ते मला पत्रात लिहिलंस आणि तोच आकडा पुन्हा पाठवलास. तो एक ऑगस्टला माझ्या हातात पडला. त्याच दुपारी मी तो टोपाला शिवला, आणि टोप माझ्या ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली ठेवून कुलूप लावलं. घरात सांगितलं, धुळ्याहून अजून काही आलं नाही.

नऊ तारखेला दुपारी चुडामण स्टेशनवरून आला. हे तू त्याच्या नावाने सगळीकडे ऐकलं आहेस, पण नीट ऐक. तो धापा टाकत म्हणाला, "दादा, वॅगन लागली. सकाळी भरनं हाये. तिन्ही मळ्यांना आजच सांगा लागते, माही सायकल पंक्चर." आणि लगेच पुढे म्हणाला, "मी गाडी जुंपतो." फटफटी काढ असं त्याने म्हटलेलं नाही. मी तिथेच दारात होते. यांनीच म्हटलं, "बैल पोचतीन तवरोक दिवस बुडंल." वॅगन रिकामी गेली असती तर तीन घरांचा कापलेला माल सडला असता, हे यांना बसू देईना. मग माझ्याकडे वळून विचारलं, "कमल, टोप झाला का?"

मी म्हटलं, "आकडा यायचाय अजून."

मला वाटलं, आईंना दिलेला शब्द आहे, टोप नाही म्हटल्यावर जाणार नाहीत. नुसते हसले. "आल्यावर घालू मग," म्हणाले, आणि पडवीतून फटफटी बाहेर काढली. सहा महिने बंद असलेली गाडी, लवकर सुरू होईना. पाच-सहा लाथा मारल्या. प्रमिला, तेवढ्या वेळात मी ट्रंक उघडू शकले असते. किल्ली माझ्या कमरेला होती. पण टोप आणून दिला असता तर चुडामणसमोर, आईंसमोर मी खोटी ठरले असते. मी त्या लाजेने उभी राहिले. गाडी सुरू झाली आणि गेली.

काळ्या मातीचा चिखल होता. दुसऱ्या मळ्याहून तिसऱ्याकडे वळताना मोरीच्या कठड्यावर डोकं आदळलं. जळगावला नेईपर्यंत संपलं होतं. पुढचं तुला माहीत आहे. नानांनी अंगणात सगळ्यांदेखत चुडामणला म्हटलं, "तू वॅगन नाही आनली, माह्या पोराचं मरन आनलं."  तूही त्यानंतर त्याचं नाव टाकलंस. भाऊबीजेला तू आली नाहीस, माझा भाऊ गेला म्हणून निरोप पाठवलास. तो त्या दिवशी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून दुपारपर्यंत ओसरीत बसून होता. मग सदरा काढून मळ्यात गेला.

इतके दिवस मी गप्प होते, कारण मला वाटत होतं हे फक्त मला ठाऊक आहे. काल कळलं की तसं नाही. चुडामणने खांडव्याच्या एका केळीच्या व्यापाऱ्याकडे नोकरी धरली आहे, सोमवारी जातो आहे. आईंना त्याने थोड्या दिवसांसाठी म्हणून सांगितलंय, पण अंथरूण-पांघरूण सगळं बांधलंय. मी त्याला विहिरीपाशी गाठून म्हटलं, भाऊजी, जाऊ नका. तो बादली ओढत होता, ती तशीच धरून म्हणाला, "वहिनी, दहाव्याच्या आधी दादाचे लष्कराचे कागद पाहाले मी तुमची ट्रंक उघडली होती. किल्ली आईनं देली."  तो पुढे म्हणाला, "मी घालून पाह्यला. आकडा लागते." मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणे, "मी पोरगा हाये. मले नाना आज नाही तं उद्या जवळ करतीन. तुम्हाले या घरात कोन ठेवीन?" आणि बादली उपसून निघून गेला.

रात्री तो जेवला नाही, मीही नाही. आज पहाटे ठरवलं. येत्या रविवारी, तो जायच्या आदल्या दिवशी, मी नानांना आणि आईंना समोर बसवून हे सगळं सांगणार आहे. ते मला माहेरी पाठवतील, की मागच्या खोलीत ठेवतील, की तोंड पाहणार नाहीत, मला माहीत नाही, आणि त्यासाठी तू काही रदबदली करू नकोस. उखर्डूलाही भेटून सांग की मापणारीच खोटी होती. पण हे नानांकडून किंवा गावाकडून तुझ्या कानावर येण्याआधी माझ्याकडून यावं, आणि तुझा एक भाऊ माझ्यामुळे गेला तसा दुसरा जाऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र. शनिवारच्या गाडीने ये. माझा राग आला असेल तरी ये. रविवारी मी बोलायला लागेन तेव्हा माझ्याजवळ बसू नकोस. चुडामणच्या शेजारी बस.

म्हणू देशील तर अजून तुझीच,
कमल