मालिशवाल्याची दोन बोटं

मी, लॅडिस्लाव हुडाक, वय एकोणसाठ, पूर्वी फुटबॉलपटू, मोसम संपला की पोलादाच्या भट्टीवर मजूर, राहणार मिलर्स रन, पेन्सिल्व्हेनिया, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. 'शुद्धीत' या शब्दावरून माझा मुलगा रेमंड कोर्टात जाणार आहे. "बाबांचं डोकं ठिकाणावर नाही," असं तो गावभर सांगतो. परवा गाडी कुठे लावली ते मी विसरलो, हे खरं आहे. म्हणून डॉक्टरीणबाई कोवाल्चिक यांना समोर बसवून लिहितो आहे.

१. भट्टीवरची हत्यारं आणि विजेतेपदाची अंगठी रेमंडला. माझ्या बोटात ती आता जात नाही. आमच्या अमेरिकन फुटबॉलात नऊ मोसम आघाडीच्या फळीत, समोरच्यांना हातांनी रेटण्यात घालवल्यावर बोटं सरळ राहत नाहीत.

२. क्लबने निरोपाला दिलेलं घड्याळ क्लबला परत करावं. गुडघा गेल्यावर आठवड्यात मला बाहेर काढलं, आणि वर घड्याळ! त्यांचं त्यांना लखलाभ.

३. राहतं घर, अंगणासकट, व्हर्ना टॅकेट हिला. तिचा नवरा ओरिन सहा मोसम माझ्या उजव्या खांद्याला खांदा लावून खेळला. लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे. तसलं काही नाही. अट एकच, किल्ली देण्याआधी पुढचा मजकूर तिला वाचून दाखवावा.

व्हर्ना, चोपन्न साली नोव्हेंबरात खेळताना ओरिनच्या डोक्याला कुणाचा तरी गुडघा लागला. तो उठला आणि समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. सगळे हसले, मीही हसलो. अशा वेळी गडी शुद्धीत आहे का हे बघायला आमच्या संघाचा मालिशवाला "किती?" म्हणून बोटं दाखवायचा, आणि कायम दोनच दाखवायचा. कितीही मार बसला तरी "दोन" म्हणायचं आणि परत आत जायचं, ही आमची रीत. ओरिन नुसता बघत राहिला. बदली खेळाडू कोट काढून तयार होता. मला शेजारी दुसरा कोणी नको होता. मी त्याच्या कानात म्हणालो, "अरे, दोन म्हण की लेका!" तो म्हणाला, "दोन." परत आत गेल्यावर तिसऱ्याच डावाला तो पडला, तो कायमचा अधू झाला. पुढे बारा वर्षं, तो जाईपर्यंत, तू त्याला भरवलंस, आणि त्याने तुला एकदाही नावाने हाक मारली नाही. दर रविवारी मी कोबीचे रोल घेऊन तुझ्या दारात आलो, पण हे सांगितलं नाही. तू दार लावशील याची भीती वाटायची. घर नको असेल तर नाही म्हण, पण ऐकून मग म्हण.

४. शुद्धीबद्दल. डॉक्टरीणबाईंनी आज तारीख विचारली, ती सांगितली. मग त्यांनी बोटं वर केली. डोळ्यांपुढे सगळं हलत होतं. साक्षीला आलेला, आमच्याच संघातला माझा जुना सोबती गस पेटिट मागून काळजीने कुजबुजला, "लॅडी, दोन म्हण."

शब्द जिभेवर आलाच होता. मी तोंड मिटलं.

"बघा, जमत नाहीये त्यांना," दाराशी उभा रेमंड म्हणाला.

"थांब जरा," मी म्हणालो आणि एकेक बोट मोजलं. "तीन."

बाईंनी मान डोलावली. ओरिनलाही एवढाच वेळ हवा होता.

सही: लॅडिस्लाव हुडाक
मिलर्स रन, ९ ऑक्टोबर १९८१

साक्षीदार:
१. डॉ. इरीन कोवाल्चिक. तीन बोटं दाखवली होती.
२. गस पेटिट. सगळं वाचून सही केली. त्या दिवशी मीही हसलो होतो.