पाणी अजून तयार नाही

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे उभ्यानेच घालतो आहे, पोचला असं समज). तुझी पाठ कशी आहे? साहेब कसे आहेत? इकडे आम्ही ठीक. म्हणजे मी ठीक आहे आणि तुझी भावजय माझ्याशी जेवणापुरतं बोलते आहे.

फोनवर तू जे विचारलंस त्याचं उत्तर फोनवर देता येण्यासारखं नव्हतं (तू मध्येच बोलतेस), म्हणून लिहितो. टाकीचं पाणी तयार झालं का, नाही तर का नाही, आणि एका माशासाठी पाणी तयार करायला धडधाकट माणसाला इतका वेळ लागतो तरी कसा, असं तुझं म्हणणं होतं. महिनाअखेरीला तुला राहतं घर रिकामं करून किल्ली सोपवायची आहे. तिकडे तुझ्या चिरंजीवांनी त्यांच्या बाराव्या मजल्यावरच्या घरात पलंगाची सोय करून ठेवली आहे, पण साहेबांना तिथे मज्जाव आहे (नव्या फरशीवर टाकीचं पाणी सांडेल म्हणून). भाऊजींचा मासा नीट ठिकाणी लागल्याशिवाय मी घर सोडणार नाही, असं तू सगळ्यांना बजावलंस आणि माझ्याकडे पाठव, असं मी बोलून बसलो. तेव्हा तुझं सगळं बिऱ्हाड माझ्या पाण्यामुळे अडलं आहे, हे मला ठाऊक आहे.

मला वाटलं होतं, टाकी आणायची, नळाखाली भरायची, मासा सोडायचा. पण नव्या टाकीतलं पाणी नुसतंच पाणी असतं. मासा त्यात जे काही करतो त्याचा अमोनिया होतो आणि तो खाऊन टाकणारे जिवाणू तिथे अजून राहायला आलेले नसतात. त्यामुळे मासा आपल्याच घाणीने मरतो. म्हणून आधी मासा न ठेवताच टाकीत अमोनिया घालायचा, जिवाणू जमायची वाट बघायची, रोज नळीत थोडं पाणी घेऊन त्यात तपासणीचे थेंब टाकायचे आणि येईल तो रंग छापील पट्टीशी ताडून बघायचा. हिरवा म्हणजे विष, पिवळा म्हणजे साहेबांनी यावं. मी जन्मभर दुकानदारांचे वजनकाटे तपासले, त्यामुळे मोजमापाचं काम म्हटल्यावर माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पहिला घोळ अमोनियाचाच झाला. मला मिळाला तो फरशी पुसायचा, लिंबाच्या वासाचा. बाटलीवर अमोनिया असं मोठ्या अक्षरात होतं, तेवढंच मी वाचलं (बारीक अक्षरं नेहमी मी दुसऱ्यांना वाचायला लावायचो). पंप सुरू केला आणि पेपर आणायला खाली गेलो. परत येतो तर टाकीवर फेसाचा डोंगर, आणि तो टेबलावरून उतरून तुझ्या भावजयीच्या शिलाई मशीनपर्यंत पोचलेला. तिने माझ्या हातातला न वाचलेला पेपर घेतला आणि जमिनीवर अंथरला. सगळं पाणी काढलं, खडे धुतले, बिनवासाचा अमोनिया शोधून आणला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. (फरशी मात्र लख्ख निघाली, हे तीही कबूल करते.)

मग रंगाचं भांडण. मला जो पिवळा दिसतो तो तिला पोपटी दिसतो. मी पट्टी दाखवली तर ती म्हणते, पट्टीचीच छपाई उतरली आहे. बरं, घरातली गोष्ट घरात ठेवावी, तर तेही नाही. कपडे शिवायला टाकणाऱ्या बायका येतात, त्या सगळ्यांना ती नळी दाखवते. परवा मापं द्यायला आलेल्या एका शिक्षिकेने ती खिडकीशी नेऊन उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि अस्तराला अगदी असाच रंग हवा, असं सांगून गेली. शास्त्राचं काम या घरात असं चालतं.

तरीही रंग पुढे सरकेना. शेवटी कारण सापडलं. पाणी गाळायच्या यंत्रातला स्पंज तुझी भावजय रोज सकाळी भांड्यांबरोबर साबणाने घासून ठेवत होती. जिवाणू नेमके त्या स्पंजातच घर करतात. मी दिवसभर पाहुणे जमवायचे आणि तिने सकाळी त्यांना हुसकून लावायचं, असं चाललेलं. ती मला आधीच पाण्यात पाहत होती, आता तो स्पंज घाणच राहू दे म्हटल्यावर तिने मला कोपरापासून हात जोडले.

त्यात शेजारचे दातांचे डॉक्टर चहाला आले. मी टाकीत थेंब मोजून टाकत होतो.

"मासे कुठे आहेत?"

"मासे नाहीत."

"मग हे काय घालताय?"

"विष."

त्यांनी चहा अर्धा ठेवला. संध्याकाळी त्यांच्या पत्नीने तुझ्या भावजयीला बाजूला घेऊन, निवृत्तीनंतर माणसाला जपावं लागतं, असं समजावलं. तेव्हापासून दोघंही माझ्याशी फार हळू आवाजात बोलतात.

सारांश, पाणी अजून तयार नाही, असंच तू चिरंजीवांना कळव. साहेब वयस्कर आहेत, त्यांच्या बाबतीत घाई करून चालणार नाही. पाठीला शेक घेत जा, सामान एकटीने उचलू नकोस. बाकी सर्व क्षेम, लोभ असा काही मागावा लागत नाही.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. पाणी तयार आहे. गेला आठवडाभर नळी पिवळीधमक आहे. तुझी भावजयसुद्धा पिवळी म्हणते.

आणखी एक. टाकी घेतली त्याच दिवशी दुकानदार म्हणाला होता, ताईंच्या टाकीतला जुना मळका स्पंज आणून यात टाका, काम झटपट होईल. मी म्हटलं, माझी बहीण फार स्वच्छ आहे, तिच्याकडे मळकं काही मिळायचं नाही. ताई, काम झटपट व्हायला नको होतं. साहेब इकडे आले की तू किल्ली देणार आणि त्या बाराव्या मजल्यावर जाणार. तुला तिथे जायचं नाही, हे तू कोणालाच सांगितलं नाहीस, पण भाऊजी गेल्यापासून तू ज्याच्याशी बोलतेस तो एक मासा आहे आणि त्यालाच इकडे पाठवते आहेस, यावरून मला कळलं. मला ते सहन होत नाही.

शेवटचं. टाकी मागच्या खोलीत आहे. भरलेली टाकी हलवता येत नाही, तेव्हा साहेबांजवळ ज्याला राहायचं असेल त्याने त्याच खोलीत राहावं लागेल. तुझ्या भावजयीने पडदे शिवले आहेत. (अस्तराचा रंग तुला कळेलच.) साहेबांना घेऊन ये आणि राहायलाच ये. नाही म्हणायचं असेल तर कळवू नकोस. मासा येईपर्यंत जिवाणू उपाशी मरू नयेत म्हणून टाकीत अमोनिया घालत राहावं लागतं. मी घालत राहीन, आणि मी घालतो आहे तोवर पाणी तयार नाही, असं चिरंजीवांना शपथेवर सांगायला मोकळा आहे.