होडीपर्यंत आणि परत

९ नोव्हेंबर
बचत गटाची सहल पहाटे परत आली. दोनदा अंघोळ केली तरी कानामागची वाळू जात नाही.

दिवेआगर. बाकीच्या बायका घोट्याएवढ्या पाण्यात साड्या धरून फोटो काढत होत्या. मी पदर खोचला आणि आत गेले. छातीएवढं झाल्यावर पाय सोडले. पाण्यानं मला उचललं. विहिरीचं पाणी असं उचलत नाही, तिथं आपलं आपण तरंगायचं. आणि समोर भिंत नाही! लहानपणी आबांनी पाठीला भोपळा बांधून विहिरीत सोडलं तेव्हापासून पोहतेय. दहाबारा हात मारले की दगडी भिंत यायची, की वळायचं. इथं वळायचंच नाही. रडले मी पाण्यात. तिथं कुणाला दिसणार.

मग शिट्ट्या. होडी आली, दोघांनी बखोट धरून वर ओढलं. गटातल्या बायका आधी ओरडल्या, मग हसत सुटल्या. व्हिडिओ काढलाय. आम्ही घरी पोचायच्या आधी तो गावाच्या ग्रुपवर पोचला.

हे म्हणाले, "बावन्न वर्षांची बाई तू. लाज न्हाई वाटली?"
म्हणलं, वाटायला वेळ कुठं होता.

१२ नोव्हें.
आमच्या मेसला जेवायला येणाऱ्या कंपनीतल्या एकानं विचारलं, "काकू, आज मच्छी हाय का? तुम्ही धरून आणलेली?" त्याच्या ताटात रस्सा वाढताना तर्री जरा जास्तच पडली. मग गप जेवला.

कणीक मळताना, भांडी घासताना, तेच. पाणी उचलतंय, मी चाललेय. चालतच राहिलेय.

१५ नोव्हें.
मनीषा पोळ्या लाटायला आली होती. आमच्याच खोल्यांत भाड्यानं राहते, नवरा निघोज्यातल्याच एका कंपनीत वेल्डर. माहेर दापोलीकडं, अगदी समुद्राला लागून. तिनं व्हिडिओ बघायला मागितला. बघितला, परत बघितला. मग म्हणाली, "ताई, तुम्ही आत जातच नव्हता. गोल फिरत होता."

काहीतरीच काय म्हणून मी पण बघितला. खरं आहे. माझं काळं डोकं जरा पुढं जातं, डाव्या हाताला वळतं, वळत वळत परत पहिल्या जागी. मला वाटत होतं मी सरळ चाललेय, पार आभाळ टेकतं तिथवर.

विहीर बुजून किती वर्षं झाली, जमीन गेली, वर कंपनीच्या गाड्या उभ्या राहतात. माझे हात अजून विहिरीतच. लई वाईट वाटलं. तव्यावरची पोळी जळाली ते मनीषानं सांगितल्यावर कळलं.

तिला विचारलं, तुला येतं का पोहायला? "नाय ओ. आमच्याकडं बाया कुठं पोहतात? होडी आली की टोपली घेऊन गुडघाभर पाण्यात जायचं, मासे घ्यायचे, मागं यायचं." हसलो दोघी.

२० नोव्हें.
आज जेवताना सांगून टाकलं. मनीषाचा भाऊ होडी किनाऱ्यापासून आत नांगरून ठेवतो. मला काठावरून त्या होडीपर्यंत पोहत जायचंय आणि पोहत परत यायचंय. सरळ. कुणी ओढायचं नाही.

अमोल म्हणाला, "आई, तुझं बीपी." म्हणलं, गोळी घेते रोज.
हे ताटावरून उठले. हात धुऊन आले आणि म्हणाले, "एकदाच. एकदा जायाचं. न्हाई जमलं तर ह्यो विषय बंद. परत ह्या घरात समुद्राचं नाव काढायचं न्हाई. दे शब्द."
दिला.

३ डिसेंबर
कासारवाडीला पालिकेच्या तलावात बायकांची बॅच. पोहण्याचा ड्रेस घ्यावा लागला, लांब बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा. आरशात बघून स्वतःच हसले. पिशवीत सगळ्यात खाली ठेवते, वर मेथीची जुडी. जाऊबाईंना वाटतं मी रोज मंडईत जाते. मोशीला बस अडकते ती अडकतेच.

तलावात दोऱ्या बांधलेल्या असतात, दोन दोऱ्यांच्या मधून जायचं. डोळे उघडे असले की जमतं. मिटले की डाव्या दोरीवर. परत, डाव्या दोरीवर. तिथली शिकवणारी मुलगी म्हणाली, काकू, तुमचा उजवा हात जोरात ओढतो आणि डावा नुसता बरोबर येतो. तोंडही एकाच बाजूला काढता तुम्ही.

विहिरीत दुसऱ्या बाजूला भिंतच असायची, तिकडं तोंड काढून काय शेवाळ बघायचं?

१८ डिसें.
उजवीकडं श्वास, डाव्या हातावर जोर. नाकात पाणी, ठसका, डोकं दुखतं. डावा खांदा इतका भरून आलाय की मेसचं पातेलं उतरवता येईना. ह्यांनी उतरवलं. 

६ जानेवारी
खोकला. अमोल चिडला, थंडीत कशाला जातेस. तीन दिवस घरी. कॉटवर पडल्या पडल्या डावा हात हवेत मारत होते. हे दारात उभे राहून बघत होते. मला वाटलं आता टोमणा येणार. म्हणाले, "तू बुडलीस तर मी काय करायचं, ते सांग."

 एवढ्या वर्षांत असं कधी बोलले नाहीत. बुडत नाही, म्हणलं. उठून लगेच ड्रेस धुतला आणि वाळत घातला, तोही सगळ्यांना दिसेल असा, पुढच्या दोरीवर. पुरे झाली ती मेथी.

२५ जाने.
आज डोळे मिटून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कुठंही दोरी लागली नाही. शिकवणारीला मिठी मारली, तिचा मोबाईल भिजला.

मनीषाला सांगितलं तर म्हणते, "समुद्रात दोरी नसते ताई." ही बाई पण ना.

४ फेब्रु.
भरतीच्या वेळेला पोहायचं, पाणी थांबल्यासारखं असतं, म्हणून मनीषा तिथीवरून वेळ काढते. मी तिथी उपासासाठी बघते, ती भरतीसाठी. पुनवेला आणि अवसेला भरती दुपारी अकरा-बाराच्या सुमाराला, एकादशीला सकाळी सव्वाआठला. सकाळी वारा नसतो, तेव्हा एकादशीच धरली.

ह्यांची दर एकादशीला आळंदी. "एकादशीला माऊली सोडून समुद्र?" म्हणलं, उपास करून पोहते, मग तर झालं? तोंडावर हसू आलं होतं, मिशीत दाबलं.

२६ फेब्रु.
मनीषाच्या माहेरी. दोन दिवस मेस जाऊबाईंवर. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण हो म्हणाल्या.

गाडीतून उतरल्या उतरल्या आवाज आला. चप्पल हातात घेऊन तशीच पळत गेले. पाय भिजेपर्यंत थांबले नाही. पाणी आहे तिथंच आहे, तेवढंच. मलाच उगीच वाटत होतं की आपल्यावाचून...

असो. मनीषाचा भाऊ दत्ता. कमी बोलतो. होडी दाखवली, निळी. इथून हातात मावेल एवढी दिसते. म्हणाला, "जाताना होडी बघा. येताना देवळाचा कळस आणि त्याच्या मागचा टॉवर. दोन्ही एकावर एक दिसले म्हणजे तुम्ही सरळ. टॉवर बाजूला सरकला म्हणजे तुम्ही सरकलात." आम्ही समुद्रावर असंच येतो, म्हणाला. मघापासून तीनदा जाऊन कळस आणि टॉवर बघून आले.

२७ फेब्रु. एकादशी
रताळं खाल्लं, गोळी घेतली, गेले.

जाताना झालं! वाकडी गेले असेन थोडी, पण डोकं वर काढलं की निळी होडी समोर. डावा हात लांब, डावा हात लांब, असं मनात म्हणत होते. लाटा ओलांडल्यावर पाणी एकदम गार आणि हिरवं झालं. भीती वाटली, खाली काय आहे कोण जाणे. मग भीती गेली. मग फक्त मी आणि ते पाणी. होडीच्या लाकडाला हात लावला तेव्हा दत्ता वरून म्हणाला, "आलात." मी त्या लाकडाचा मुका घेतला. त्यानं बघितलं असेल, बघू दे.

जरा दम खाऊन परत निघाले. डोकं वर काढलं तर समोर नुसता पांढरा उजेड. सूर्य डोंगरावरून बरोबर डोळ्यांत. कळस नाही, टॉवर नाही, किनारा पण नाही. म्हणलं, सरळच तर जायचंय. हात मारत राहिले. पुष्कळ मारले. मग समोर लाकूड दिसलं. मला वाटलं काठावरची कुणाची तरी होडी, पोचले! वर बघते तर दत्ता वाकून बघतोय.

"काकू, इकडं कुठं?"

परत तिथंच. अख्खी गोल फिरून आले होते. त्याच्याकडं पाठ करून परत सुटले, पण हात संपले होते. थोडं गेल्यावर त्यानंच वर घेतलं आणि किनाऱ्याला आणलं. हसला नाही तो. हसला असता तर बरं झालं असतं.

दुपार
वाळूत बसून रडले. मनीषा शेजारी बसली, तिनं समजूत घातली नाही, बरं केलं. रडून झाल्यावर राग आला. विहिरीचा नाही, हातांचा पण नाही. सूर्याचा आला. आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. दत्ताला विचारलं, भरती रोज पुढं सरकते ना? "पाऊण तास." म्हणजे परवा त्रयोदशीला पावणेदहा. तोवर सूर्य चांगला वर आलेला. डोळ्यांत नाही येणार. दत्तानं डोंगराकडं बघितलं, मान हलवली. "नाय येणार."

संध्याकाळ
ह्यांचा फोन. आळंदीहून नुकतेच आले होते.

"झालं का?"
"होडीपर्यंत गेले."
"आनि परत?"

खोटं बोलता आलं असतं. मनीषा आणि दत्ता काही सांगायला येणार नव्हते.

"परत नाही. त्यांनी आणलं."
मग, "बरी हायेस ना?"
"बरी आहे."
"मग झालं तर. उद्या अमोल गाडी घेऊन यील. विषय बंद."
"अमोलला नका पाठवू. परवा परत जाणार आहे."
"शब्द दिलाय तू."
"दिला होता. मोडला."
"मोडला म्हंजी?"
"म्हणजे मोडला. परवा नाही जमलं तर पुढच्या महिन्यात येईन. ह्या घरात समुद्राचं नाव निघणार."

 त्यांच्याकडं टीव्ही चालू होता, तो बंद झाल्याचं कळलं. त्यांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. एवढ्या वर्षांत शब्द मोडायची ही पहिलीच वेळ, ते त्यांनाही माहीत आहे.  पण मागं घ्यावंसं एकदाही वाटलं नाही.

मग म्हणाले, "वहिनी उद्यापातुरच करणार म्हनत्यात मेसचं. परवाला तांदूळ किती भिजवायचा?"
सांगितलं.
"आनि पानी?"
तेही सांगितलं. लिहून घेत होते बहुतेक, दोनदा थांब म्हणाले.