फुकट गाडी आणि माझे ठणठणीत डोळे

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? माझी तब्येत उत्तम आहे आणि सध्या तीच मोठी अडचण होऊन बसली आहे.

गुरुवारी तू दारात बसून राहिलीस आणि मी आलो नाही, म्हणून माझा फोनवर यथेच्छ उद्धार केलास. अगं, मी निघालो होतो! आमच्याकडची बस बंद झाली आणि रिक्षावाला भाडं असं सांगतो, जणू मी रिक्षाच विकत घेतोय. म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी आणि गरिबांसाठी फुकट गाडी सुरू झाली आहे (मी दोन्हीकडून पात्र), पण ती फक्त दवाखान्यात नेते. आजार नाही तर गाडी नाही. त्यामुळे गाडीत जो तो एकेक आजार घेऊन बसतो. इस्त्रीवाल्या काकू सुनेपासून घटकाभर सुटका म्हणून दर आठवड्याला खोकतात. ड्रायव्हर बिचारा भला, चढतानाच विचारतो, "काका, आज काय दुखतंय? आधी ठरवा, मग बसा."

तुझं घर दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत, म्हणून मी डोळे सांगितले. (गुडघे सांगितले असते तर तुझ्याकडे तरातरा चालत जाताना पकडलो गेलो असतो.) आत तोंड दाखवायचं आणि मागच्या दाराने सटकायचं, असा बेत. पण तिथल्या डॉक्टरीणबाई कामाला वाघ! मी नको नको म्हणेपर्यंत दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले, तपासलं आणि म्हणाल्या, "डोळे ठणठणीत आहेत, परत यायची गरज नाही." बाहेर आलो तर सगळं धूसर. तरी अंदाजाने तुझं दार गाठलं, खुर्चीत बसलो, चहा प्यालो आणि घरातलं सगळं गाऱ्हाणं सांगून मोकळा झालो. नजर निवळली तेव्हा समोर भलतीच बाई! (तू मध्ये एकदाही बोलली नाहीस, तेव्हाच शंका यायला हवी होती.) त्यांना मी त्यांच्या सासरकडचा कुणी वाटलो, म्हणून बिचाऱ्या मुकाट ऐकत होत्या. तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला आणि मला पळावं लागलं.

कळावे, लोभ आहेच, राग थोडा कमी कर.

तुझा,
धाकटा

ता. क. येत्या गुरुवारी कान सांगितला आहे. आता गल्ल्या शोधणं नको. तूच हळूहळू चालत ये आणि कानाच्या खोलीबाहेरच्या बाकावर बस. माझा नंबर येईपर्यंत पोटभर बोलू. तुझी फार आठवण येते गं.

ता. ता. क. कानाचं मात्र खोटं नाही, उजव्या कानाने ऐकू येईनासं झालंय. डाव्या बाजूला बस. आणि रागावायचं राहिलं असेल तर तेही तिथेच रागाव, अजून ऐकू येतंय तोवर.