कोंबडीशिवाय पिल्लं

१ डिसेंबर, सोमवार
विज्ञान प्रदर्शनाच्या प्रकल्पांची नावं घेतली. चार ज्वालामुखी, दोन जेसीबी. दुसरं काही सुचत नाही का रे म्हटलं, तर आठवीचा जेसीबीवाला तेजस म्हणतो, "मॅडम, ह्यांचा सोडा घरीच हाय ना." झालं!

आठवीचीच कावेरी शेवटी उठली. तिच्या आज्जीची खुडुक कोंबडी अंड्यांवर बसायच्या आधीच मुंगसानं नेली. "मॅडम, कोंबडी नसली तर पिल्लं निघतेत का?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी खरा प्रश्न विचारला. मी थर्माकोलचं खोकं शोधायला पळालेच. बल्ब, थर्मामीटर, पाण्याची वाटी, आठ अंडी. एकवीस दिवस लागतात, प्रदर्शन पाथरीला बावीसला. कॅलेंडरवर बोट ठेवून तिनंच जुळवलं.

जाताना म्हणाली, "आई बाळंत झाली की बाबा मला लेकरू धरायला कारखान्यावर नेणार हायेत. त्याच्या आत निघायला पायजेत." आईवडील दिवाळीपासून ऊसतोडीला, ही आज्जीजवळ. बाळंतपण संक्रांतीच्या सुमारास म्हणे. मग वेळ आहे.

४ डिसें., गुरु.
लाइट गेली. कावेरी खोकं उचलून घरी, चुलीजवळ. माझ्या तासाला तिचं लक्ष माझ्याकडे नाही, अंड्यांकडे! प्रत्येक अंड्यावर एका बाजूला फुली, एका बाजूला गोल. दिवसातून तीनदा फिरवते. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, शाळा आहे का पोल्ट्री?"

८ डिसें., सोम.
वर्ग अंधारा करून अंड्याखाली मोबाइलची बॅटरी धरली. लाल शिरा, मध्ये ठिपका. "मॅडम, हाललं!" सगळी आठवी एकमेकांच्या अंगावर. आठात सहा जिवंत. तेजसचा जेसीबी कोपऱ्यात पडून.

तेजस म्हणाला, निघताना आपण टरफल फोडून द्यायचं का? अजिबात नाही म्हटलं. बाहेरून फोडलं तर रक्त येतं, पिल्लू मरतं. त्याचं त्यालाच निघायचं असतं. कावेरीनं लिहून घेतलं.

आज फार बरं वाटलं. असं वाटलं की लिहून ठेवावं.

१२ डिसें., शुक्र.
आई बाळंत झाली. महिनाभर आधीच. मुलगा.

वडिलांना फोन केला. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचं सांगितलं, अभ्यासाचं सांगितलं, दहाच दिवस थांबा म्हणून सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. "मॅडम, तुमी म्हणताव ते समदं खरं हाय. पर मी अन् ही फडात असल्यावर लेकरू कोन धरील?"

मी पुन्हा दहाच दिवस म्हटलं. बरं म्हणाले आणि फोन ठेवला. बरं का म्हणाले?

१४ डिसें., रवि.
पाथरी स्टँड. कावेरीला कारखान्यावर नेणारी मुकादमाची गाडी तिथूनच सुटणार होती. आज्जी आणि ती, तिच्या मांडीवर खोकं गोधडीत गुंडाळलेलं. खोकं माझ्या हाती देत माझीच शिकवण मला परत सांगितली तिनं: तीनदा फिरवा, वाटीत पाणी घाला, शेवटचे तीन दिवस हात लावू नका. मी मान डोलावत राहिले. रडेल वाटलं होतं, रडली नाही. "येते मॅडम" म्हणाली. आज्जी गाडी गेल्यावर रडली. मी घरी आल्यावर.

१५ डिसें., सोम.
खोकं आमच्या पाथरीच्या घरी आहे. सासूबाई माळकरी, घरात अंडं येत नाही. "शाळेचं शाळेत ठेव की." शाळेत रात्री बल्बकडे कोण बघणार? धुण्याच्या जागेत ठेवलं. त्या तिकडून जाताना पदर सावरून जातात.

मु.अ. म्हणतात प्रदर्शनात विद्यार्थी हजर हवा, फलकावर कावेरीऐवजी तेजसचं नाव टाका. भांडले. ते चिडले नाहीत, तेच वाईट. "नियम मी केलाय का?" तेजसला विचारलं. तो म्हणाला, "नको मॅडम, मी जेसीबीच नेतो." पोरगं शहाणं निघालं.

१८ डिसें., गुरु.
प्रदर्शन पुढे ढकललं. आता जानेवारीत. पाहुण्यांना वेळ नाही.

अंड्यांना कोण कळवणार?

२० डिसें., शनि.
शाळा सकाळची. सुटून येते तर पाथरीत सकाळपासून लाइट नाही. जीपमध्येच कळलं होतं. स्टँडवरून पळतच आले.

धुण्याच्या जागेत सासूबाई पाटावर बसलेल्या. खोक्याभोवती त्यांची स्वतःची शाल, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या. जपमाळ हातात. मी बघत राहिले तर म्हणाल्या, "बघतीस काय? पाणी गार झालंय, दुसरं ठेव." लाइट आल्यावर त्यांनी आंघोळ केली. विषय बंद.

थर्मामीटर मात्र खाली गेलाच होता. किती वेळ, कोणास ठाऊक. कावेरीला कळवलं नाही.

२२ डिसें., सोमवार
रजा टाकली.

सकाळी काहीच नाही. दुपारी काहीच नाही. साडेचारला सासूबाईंनी हाक मारली. एका अंड्याला टवका गेलेला, आतून बारीक चिवचिव. बाकीची पाच गप्प.

वडिलांना फोन लावत राहिले, फडात रेंज नाही. दिवेलागणीला त्यांचाच आला. त्यांनी कावेरीला दिला. मागे बाळ रडत होतं. मी मोबाइल अंड्याजवळ धरला. तिनं ऐकलं. मग, "मॅडम, लाइट गेल्ती का?"

हो म्हटलं.

"बरं." मग विचारलं, आज प्रदर्शनात कुणी बघितलं का? पुढे गेलं म्हटलं, जानेवारीत. "मंग मी यीन का तवर?" बाळानं पुन्हा सूर लावला, तिनं त्याला काहीतरी पुटपुटत थोपटलं.

शेवटी घाईत म्हणाली, "मॅडम, टरफल तुमी फोडू नका हां. लय वेळ लागला तरी."

नाही फोडत म्हटलं. फोन ठेवून तासभर झाला. टवका तेवढाच आहे. चिवचिव मध्येच थांबते, पुन्हा सुरू होते. सासूबाई म्हणतात, थोडं नखानं उचल की. मी हात मांडीखाली दाबून बसले होते, आता लिहायला तेवढा एक काढलाय.